आजचा नॉर्मल

३ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकीट उलटंसुलटं करून बघू नकोस, अक्षर माझंच आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलास, पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड. नाहीतर तुझे अहो तुकडे जोडून वाचत बसतील, मला ठाऊक आहे त्यांची खोड.

विशेष काही नाही. प्रयोगशाळेत एक गंमत झाली, ती सांगायला दुसरं कोणी नाही, इतकंच.

मी काय काम करते ते तुला कधी नीट कळलं नाही. "ताई रक्तात बघते," असं तू शेजारणींना सांगायचीस. तेवढं बरोबर आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिवसभर नुसत्या वाहत असतात. कुठे लागलंखुपलं, जंतू शिरले, की त्यांनी तिथल्या भिंतीशी वेग कमी करायचा, थोडं घरंगळायचं, चिकटून थांबायचं आणि भिंतीतून पलीकडे जखमेत उतरायचं. काही मुलांच्या पेशींना जन्मापासूनच चिकटता येत नाही. स्टॉप येतो आणि बस न थांबता निघून जाते, तसं. रक्तात पेशींची ही गर्दी, आणि जखमेत चिटपाखरू नाही. त्या मुलांच्या जखमेत पूसुद्धा होत नाही. लोक म्हणतात, किती स्वच्छ जखम. मूल मात्र तापाने फणफणलेलं असतं.

तपासायची आमची रीत साधी आहे. काचेची एक अगदी बारीक नळी असते, तिला आतून चिकट प्रथिनाचा थर दिलेला. तिच्यातून रक्त सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कोण थांबतं आणि कोण वाहून जातं. पण रोग्याचं रक्त एकटं कधी लावायचं नाही. त्याच सकाळी काढलेलं एका धडधाकट माणसाचं रक्त जोडीला लागतं, म्हणजे काचच खराब निघाली तर लगेच कळतं. त्या धडधाकट माणसाला आम्ही 'आजचा नॉर्मल' म्हणतो. सकाळी कोणीतरी हाळी देतं, आजचा नॉर्मल कोण? की सगळे एकदम कामात गढून जातात. कोणाला सर्दी झालेली असते, कोणी उपाशी आलेलं असतं, कोणाला सुई बघूनच घेरी येते. शेवटी बाही मीच वर करते. माझी शीर लगेच सापडते आणि माझ्या पेशी शहाण्या मुलांसारख्या जागच्या जागी थांबतात. आमच्या शोधनिबंधांत तुलनेसाठी जी सरळ रेघ छापलेली असते ती बहुतेक वेळा मीच असते. माझ्या पाठीमागे मला 'नॉर्मल मॅडम' म्हणतात. तू हसशील. आपल्या घरात मला कोणी कधी नॉर्मल म्हटलं नव्हतं.

तर गंमत अशी. सतरा नंबरचा एक पोरगा आहे. आमच्याकडे नावं येत नाहीत, नंबर येतात. त्याला त्याच्या थोरल्या बहिणीची मज्जा दिली होती, म्हणजे हाडातला तो गर, जिथे रक्त तयार होतं. ती रुजली का ते बघायला त्याचं रक्त आमच्याकडे आलं. जोडीला माझं लावलं. माझी एक विद्यार्थिनी आहे, जाड चष्म्यामुळे सगळे तिला ढापणी म्हणतात. ती म्हणाली, "मॅडम, पोराच्या पेशी थांबतायत. नॉर्मलच्या वाहून चालल्यात."

मी मान वर न करता म्हटलं, "रक्ताच्या नळ्या उलट लावल्यास."

"नाही लावल्या, मॅडम."

"लावल्यास."

एका काचेवर पेशी थांबतायत म्हणजे काच चांगली. नॉर्मल तर बिघडू शकत नाही, कारण नॉर्मल मी. मग नळ्यांची अदलाबदल झाली याशिवाय काय उरतं? ढापणीने मुकाट्याने चिठ्ठ्या बदलल्या. मी आमच्या रक्तवाल्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की मज्जा रुजलेली दिसत नाही. त्यांनी ते पोराच्या आईला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त आलं. या खेपेला चिठ्ठ्या मी चिकटवल्या, काच मी भरली. पुन्हा तेच. मग ढापणीचं रक्त काढलं आणि तिसरं लावलं. तिच्या पेशी थांबल्या. पोराच्या थांबल्या. माझ्या गेल्या वाहून.

पोरगा बरा होता गं. इतकीच गंमत.

काही मागायला लिहिलेलं नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं. पुढचं असं, की मी माझीच नळी खालच्या मजल्यावर तपासायला दिली. मग कंबरेच्या हाडातून मज्जा काढून बघितली. माझ्या कारखान्यात बिघाड आहे. माल निघतो, पण अर्धकच्चा. आज ना उद्या त्याचा रक्ताचा कॅन्सर होतो, आणि डॉक्टरांचा कल 'आज'कडे आहे. पायावर काळेनिळे डाग पडायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. मला वाटायचं टेबलाचा कोपरा लागला असेल, ब्रश कडक असेल.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला धक्का बसलाय. जरा बसा." मी म्हटलं, बसलेलीच आहे. खरं सांगू, मला काही वाटलं नाही. घरी आले, गीझर लावला, तो तापेपर्यंत खिडकीच्या गजांवरची धूळ पुसली. अंघोळ करताना लक्षात आलं की पाणी गारच आहे, गीझरचं बटण दाबलंच नव्हतं. तशीच अंघोळ उरकली.

सतरा नंबरच्या आईला मात्र सांगायला हवं होतं. चूक आमची, म्हणजे माझी, तेव्हा ढापणीला पाठवणं बरं दिसलं नसतं. बाई वॉर्डाबाहेर पाण्याच्या यंत्रापाशी बाटली भरत उभी होती. मी म्हटलं, "तुम्हाला चुकीचं कळवलं गेलं. दोन नळ्यांत आमची गल्लत झाली, बिघडलेली दुसरीच होती. मज्जा छान रुजलीय. तुमच्या मुलाच्या पेशी उत्तम आहेत."

ती हसली नाही, रडली नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावत राहिली. मग म्हणाली, "जन्मला तेव्हा महिना उलटला तरी नाळ गळेना. सगळे म्हणाले, गळेल. मग म्हणाले, वाचणार नाही. मग म्हणाले, बहिणीची मज्जा जुळते, वाचेल. परवा म्हणालात, रुजली नाही. आता म्हणता रुजली. मॅडम, मी नक्की कुठल्या दिवशी रडायचं ते तरी सांगा."

मी म्हटलं, "आज नको."

तिने पदराने बाटली पुसली. "मग ती दुसरी नळी? ती बिघडलेली? ती कोणाच्या लेकराची?"

"आहे एकाची," म्हटलं.

"सांगितलंत का त्याच्या आईला?"

"आई नाही त्याला."

"अगं बाई." तिने बाटली खाली ठेवली. "मग कोण आहे त्याचं?"

"एक बहीण आहे. पण बोलत नाही."

"केवढी आहे?"

"एकोणपन्नासची."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्या कोपरावर गेली. सकाळच्या सुईचा कापूस अजून पट्टीखाली होता. बाटली उचलली, माझी वर राहिलेली बाही खाली ओढून दिली आणि म्हणाली, "मग लिहा की तिला. भावंडं काय, आज भांडतात, उद्या बोलतात."

तिला काय माहीत आपल्या घराण्याचा चिवटपणा. पण तिच्यापुढे हो म्हटलंय, म्हणून मागते. मला मज्जा हवी आहे. सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारात एक. तुझ्या गावातल्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात जा, दंडातून थोडं रक्त काढतील. डॉक्टरांचा पत्ता मागे लिहिला आहे. जुळलं तर कंबरेच्या हाडातून मज्जा काढतात. भूल देतात. आठवडाभर कंबर ठणकेल, आणि तेवढं कण्हायला तुला आवडतंच.

नाही म्हणालीस तरी मला राग येणार नाही. सध्या मला काहीच येत नाही.

ताई


५ मार्च

भिंगरी,

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, डॉक्टरांना. त्यांनी ते मान खाली घालून वाचून दाखवलं. रक्त जुळलं, अगदी तंतोतंत. आणि त्याखाली तुझ्या त्या गोल अक्षरात अट. 'मज्जा देईन. पण वेळ आली तर पुढे काय करायचं ते मी ठरवणार, ती नाही. तसं तिने लिहून द्यावं.'

वा. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे तू आईकडून बरोबर उचललंस.

डॉक्टर बिचारे विचारत होते, तुमच्या दोघींत काही झालंय का. मी त्यांना सांगितलं ते तुलाही सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात वेगळी गोष्ट असेल तर ताडून बघ. आईला धाप लागली. फुप्फुसं भरली होती. तू म्हणालीस, ताई, घरी नेऊ, खिडकीपाशी खाट टाकू, तिला बोलू दे. मी म्हटलं, श्वासाची नळी घाला. नळी घातली. आई नळीसकट गेली, एक शब्द न बोलता. तू इस्पितळाच्या जिन्यात मला म्हणालीस, "तुला आई नको होती, तुला केस हवी होती." तिथून आपलं बोलणं बंद.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अजून आहे. आता अडलंय म्हणून मी त्याबद्दल रडगाणं गाणार नाही. तेव्हा ती वाचण्याची शक्यता होती. थोडी होती, पण होती, आणि आजही मी तेच सांगितलं असतं.

आणि तुझ्या हाती निर्णय म्हणजे काय होईल ते मला डोळ्यांपुढे दिसतं. मला जरा ताप चढला की तू गाठोडं बांधून घरी नेणार, खिडकीपाशी टाकणार, तुझे अहो गरम पाण्याची पिशवी घेऊन फेऱ्या मारणार आणि शेजारणी येऊन म्हणणार, सुटली बिचारी. मला सुटायचं नाही. मला जगायचं आहे. हे इथे लिहिताना हात अडखळला, कारण इतके दिवस मी हे स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

सही करणार नाही. डॉक्टरांना सांगितलंय, बाहेरचा कोणी जुळतो का बघा. ते म्हणाले, "तेवढा वेळ आहे का आपल्याकडे?" मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा. ते पेन उघडत मिटत राहिले.

ताई


१३ मार्च

भिंगरी,

हल्ली नॉर्मल म्हणून ढापणी बसते. तिची शीर सापडत नाही, दोनदोनदा टोचावं लागतं. तिने मला एकदाही ऐकवलं नाही की मी म्हणत होते नळ्या उलट नव्हत्या. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

काल सतरा नंबरची आई पोराला घेऊन आली होती. घरी चालले होते. बरोबर ती बहीण, मज्जा देणारी. दोन वेण्या, पुढचे दात नुकतेच येतायत, आणि मान अशी ताठ की जणू इस्पितळ तिच्याच मालकीचं. मी विचारलं, "दुखलं का गं?"

"दुखलं. पण मी आधीच ठरवून घेतलंय," ती म्हणाली. "आता टीव्हीचा रिमोट कायम माझ्याकडे."

"आणि तो हो म्हणाला?"

"तो काय नाही म्हणणार? त्याला बरं व्हायचं होतं."

पोरगा आईच्या पदराआडून बघत होता. मी त्याला विचारलं, "मग आता तुला हवं ते कार्टून कसं बघणार तू?"

"ती लावते," म्हणाला. "मला हवं तेच लावते. फक्त रिमोट तिच्याकडे असतो."

त्यांची आई हसली. मीही हसले असेन, कारण ढापणी माझ्याकडे टकामका बघत होती.

संध्याकाळी डॉक्टरांकडून तो कागद मागून घेतला. मला शुद्ध नसेल तेव्हा माझ्या उपचारांचा प्रत्येक निर्णय माझी धाकटी बहीण घेईल, असं त्यात लिहिलंय. खाली सही केली आहे. नक्कल सोबत पाठवते. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

मला पटलं म्हणून केलेली नाही. मला अजूनही वाटतं तू मला गाठोड्यात बांधणार. पण पर्याय नाही आणि भीती वाटते. बाकी काही वाटत नाही, पण भीती वाटायला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. त्यांना काय जातं म्हणायला.

येताना लोकरीचे मोजे आण. इथे पाय फार गार पडतात.

ताई


२ जून

भिंगरी,

तू काचेच्या त्या बाजूला बाकावर बसली आहेस आणि मी या बाजूला तुला पत्र लिहिते आहे, हे नर्सला फार विचित्र वाटतं. तिला सांगितलं, म्हणजे लिहून दाखवलं, की आमच्यात अशीच पद्धत आहे. घसा पार बसलाय. इतके दिवस नळी होती ना घशात, आवाज फुटत नाही.

मधले दिवस मला आठवत नाहीत. तू आलीस ते आठवतं. मोजे नर्सच्या हाती दिलेस आणि काचेबाहेरून एक हात वर केलास, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं तेवढाच. तू मज्जा दिलीस. ती पिशवी माझ्या खाटेशी टांगली होती, लालभडक. मग ताप आला. मग दम लागला. आईसारखाच, ते मला कळलं. त्यानंतरचं काही नाही.

बाकीचं आज सकाळी नर्सने सांगितलं, उशी सारखी करताना, सहज. तिला वाटलं मला माहीत असेल. डॉक्टरांनी तुला बाजूला नेऊन विचारलं. फुप्फुसं भरलीत, मज्जा अजून पुरती रुजलेली नाही, आशा थोडी आहे. नळी घालायची, की त्रास होऊ न देता आता जाऊ द्यायचं? कागद तुझ्याकडे होता. नर्स म्हणाली, "तुमच्या बहिणीने तो कागद पिशवीतून काढला, वाचला, परत ठेवला, परत काढला. डॉक्टर म्हणाले, बाई, थांबायला वेळ नाही. तेव्हा म्हणाल्या, घाला नळी. हिला घरी नेऊन काय करू, हिला साधं पडून राहता येत नाही. मलाच कामाला लावेल." नर्स म्हणाली, तुमची बहीण भारी विनोदी आहे.

नर्स गेली आणि मी रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. घशातून आवाज येत नव्हता, त्यामुळे कोणाला कळलं नाही. पण चांगली हुंदके देऊन रडले, यंत्र वाजायला लागलं तेव्हा थांबले.

ढापणी काल काचेपाशी येऊन गेली. पाटीवर लिहून दाखवत होती. मज्जा देण्याआधी तू तपासणीला आलीस त्या सकाळी तिला सर्दी झाली होती म्हणे, तेव्हा आजचा नॉर्मल तू झालीस. मला सांगायचं नाही असं तिला बजावलंस, तिने सांगितलं. तुझ्या पेशी एका ओळीत थांबल्या होत्या. आणि या सोमवारी तिने माझं रक्त लावलं. माझ्याही थांबल्या. तिने खाली लिहिलं होतं, 'मॅडम, नळ्या उलट लागलेल्या नाहीत.' शेवटी ऐकवलंनच.

मी जिंकले असं म्हणायला हे लिहीत नाही. आई गेली आणि मी राहिले. यात माझी हुशारी नाही आणि तुझीही नाही, दोन्ही वेळा शक्यता तेवढीच होती. तो जिना मी विसरलेले नाही, तूही विसरू नकोस.

पण एक विचारायचं आहे. मला वाटतं हे जगात फक्त तुलाच विचारता येईल. दारात उभं राहून 'घाला' म्हटलं की हात गार पडतात. बोटं आपली नाहीतच असं वाटतं. आईच्या वेळी माझे तसे पडले होते. जिन्यात तू मला ते बोललीस तेव्हा मी ते कोटाच्या खिशात घालून उभी होते, म्हणून तुला दिसले नाहीत. मला केस नको होती गं. मला आई हवी होती.

तुझे पडले होते का?

लिहून पाठवू नकोस. आजपासून एका माणसाला आत यायची परवानगी आहे. बाहेर नळ आहे, साबण आहे. हात धुऊन ये.

ताई